कोपराखाली आठ बोटं

रविनाने ओटा फोडला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सकाळी, घरात पाहुणे नसताना, पूर्ण शुद्धीवर, शहापूरची एसटी फाट्यावर हॉर्न देत असताना, दोन किलोच्या हातोड्याने. आवाज झाला. शेजारच्या अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. आता हे विसरून जायचं, कारण असं काही झालेलं नाही. घरातल्या कुणालाही विचारा. ओटा कसा आहे? झकास आहे. मग उजव्या कोपऱ्यावर तांदळाच्या पिठाचा एवढा मोठा डबा कशाला ठेवलाय? डबा कुठेतरी ठेवायलाच लागतो.

झालं होतं ते एवढंच. सत्यनारायण उरकला, मांडववाला आपले बांबू घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवी सून वैष्णवी पहिल्यांदा स्वयंपाकघरात आली. लग्नात ती उंच टाचांवर होती, डोक्यावर अंबाडा आणि अंबाड्यावर गजऱ्यांचा आणखी एक मजला होता, त्यामुळे खरी वैष्णवी कुठे संपते याचा कुणाला अंदाज आला नव्हता. आता ती अनवाणी, नव्या टाईल्सवर उभी राहिली, आणि ओट्याने तिच्याकडे वरून खाली पाहिलं. ओटा छत्तीस इंच. त्यावर शेगडी. शेगडीवर पातेलं. चहा उकळला की नाही ते बघायला वैष्णवीने टाचा उचलल्या, वाफ तोंडावर घेतली आणि टाचा खाली ठेवल्या. बस. दाराच्या चौकटीत जेवणाचा डबा हातात धरून रविना उभी होती, वैष्णवीची थोरली नणंद. तिच्या उजव्या कोपरात काहीतरी टचकन हललं. लोकांचा राग डोक्यात जातो. रविनाचा कोपरात राहायचा. बारा वर्षांची असल्यापासून त्या कोपराने भाकऱ्या थापल्या होत्या, ती जागा रागाच्या ओळखीची होती.

"तुझी उंची किती गो?" तिने विचारलं.

"पाच फूट, ताई." मग प्रामाणिक पोर असल्यामुळे वैष्णवीने खुलासा केला, "म्हंजे पूर्न पाच नाय. धरून चालाचं."

"आनि बायोडेट्यात?"

"तो मामांनी केलेला."

खाली, ओट्याच्या पायाशी, जमिनीवर ठेवलेल्या एका बर्नरच्या जुन्या शेगडीपुढे रविनाची आये मैना बसली होती. गुडघा उभा, त्यावर हात, हातात पळी. नव्या स्वयंपाकघरात ती अशी बसली होती, जसं कुणी नव्या बंगल्याच्या फाटकाबाहेर बसतं. तिने वर बघून हसून सुनेला सांगितलं, "पाय दुखतील गो उभ्याने. ये, बस हितं." आणि वैष्णवी बसली. साडी सावरून, गुडघा उभा करून, एकदम बरोबर बसली, जणू हे माप तिला कुणी आधीच दिलेलं होतं. रविनाला वाटलं, आत्ता ओरडावं. पण गाडीचा टाइम झाला होता, आणि ओरडायला निदान पाच मिनिटं लागली असती.

गाडीत तिला खिडकी मिळाली. बाहेर भाताच्या रोपांसाठी राब भाजून शेतं काळी पडली होती. त्यांच्याकडे बघत रविनाने हिशोब मांडला की घरात बाया तीन, आणि तिघींपैकी एकीच्याही मापाचा नसलेला ओटा बांधायचा म्हणजे साधी गोष्ट नाही. डोळे मिटून बांधला असता तरी चुकून एखादीला बसला असता. यासाठी मेहनत लागते, चारचौघांचा विचार लागतो, घरातल्या मोठ्यांचा सल्ला लागतो. तिला आठवलं ते कल्याण. ती आठ-नऊ वर्षांची असताना आये तिला घेऊन मावशीकडे बारशाला गेली होती. मावशीच्या चाळीतल्या खोलीत हात पसरला की दोन्ही भिंती लागायच्या, पण ओटा होता, आणि ओट्यावर खिडकी. आये सकाळी त्या ओट्यापुढे उभी राहिली ती संध्याकाळपर्यंत हललीच नाही. सगळ्यांची भांडी घासली. घासून झाल्यावर घासलेली परत घासली. मावशी म्हणत होती, "मैने, बस ना गो, पाहुनी हायस का मोलकरीन?" आणि आये म्हणत होती, "ऱ्हाऊ दे गो, बरं वाटतंय." परतीच्या गाडीत तिचे पाय सुजलेले होते. ते पुढे पसरून, कुणाला सांगितल्यासारखं न सांगता ती म्हणाली होती, "उभ्याने सैपाक केला का समोरचं दिसतं. बसून केला का नुसते येनाऱ्या-जानाऱ्याचे पाय दिसतात." हे खरं होतं. आये माणसं पायांवरून ओळखायची. बाबांच्या बहिणीचा अंगठा, पोस्टमनच्या चपलेला मारलेली तार, प्रणित शाळा बुडवून आला की त्याच्या टाचांना लागलेली ओढ्याची माती. गावातल्या अर्ध्या लोकांचे चेहरे तिने लग्नाकार्यातच पाहिले होते. एवढी वर्षं रविनाला तिची ती करामत वाटायची. गाडी सापगावच्या पुलावरून जाताना आज पहिल्यांदा तिला ती शिवी वाटली. कुणी दिलेली, ते ठरेना.

रविना शहापुरात, कचेरीसमोरच्या एका गाळ्यात, झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानात कामाला होती. नऊ वर्षं ती लोकांचे अर्ज टाइप करत होती. दाखला मिळणेबाबत, नाव लावणेबाबत, नाव कमी करणेबाबत, रस्ता मिळणेबाबत, मिळालेला रस्ता परत मिळणेबाबत. माणूस काउंटरवर येऊन रडत, भांडत, शिव्या देत आपली गोष्ट सांगायचा आणि रविना तिचं 'वरील विषयास अनुसरून' करून द्यायची. या कामातून तिने जे साठवलं होतं त्यात एक स्वयंपाकघर बसत होतं. एकच. दुसऱ्यांदा बांधायची सोय त्यात नव्हती. म्हणून तिने ते तीन महिने मनात बांधलं, मोडलं, परत बांधलं. टाईल्स घेतल्या त्या हायवेवरच्या दुकानातल्या सेकंडच्या, तीन वेगवेगळ्या खोक्यांतल्या उरलेल्या, त्यामुळे एका भिंतीवर द्राक्षं होती, दुसरीवर किटल्या, आणि सिंकच्या मागे, का कोण जाणे, डॉल्फिन. सिंक आणलं तेही एका बाजूला किंचित चेपलेलं. ग्रॅनाइटचं नावही काढलं नाही, काळा कडप्पा घेतला. फक्त एका गोष्टीत तिने काटकसर केली नाही. ओट्यावर खिडकी पाहिजे, ती मोठी पाहिजे, आणि तिच्यातून मागची चिंच आणि चिंचेपुढचं शेत दिसलं पाहिजे. बाबा म्हणाले, "शेत काय बघाचं, शेत तिथंच हाय." बाबांनी, म्हणजे देवरामने, या कामात मतं पुरवली. ती त्यांनी मोफत पुरवली, आणि काम संपलं तरी त्यांच्याकडे बरीच शिल्लक होती.

मिस्त्री मुरबाडकडचा, जयराम नावाचा. माणूस कामाचा पक्का. टेप त्याच्या खिशात असायची, पण ओट्याला तो टेप लावायचा नाही. त्याची रीत होती. पहिल्याच दिवशी त्याने चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "सैपाक कोन करतं? तिला उभी करा." आये आली. पदर तोंडात, डोळ्यांत हसू, जसा काही फोटो काढायचाय. मिस्त्रीने तिला भिंतीला लागून उभी केली, कोपरात हात वाकवायला सांगितला, आणि कोपराखाली आठ बोटं मोजून भिंतीवर गेरूने रेघ ओढली. "कोपराखाली आठ बोटं. ह्याच्यावर गेला तर खांदा जातो, खाली गेला तर कंबर जाते. भाकरी थापाला वरून भार यायला पायजे." मग त्याने टेप लावून बघितली, स्वतःच्या समाधानासाठी. तीस इंच. आयेने त्या रेघेवर तळहात ठेवला, आडवा, जसं कुणी वासराच्या पाठीवर ठेवतं. रविना तेव्हा तिथे होती. तिने हे पाहिलं, आणि पाहिलं म्हणूनच पुढचं सगळं तिला जास्त लागलं. न पाहिलेल्या गोष्टीचा एवढा राग येत नाही.

रेघ ओढली त्याच आठवड्यात प्रणितचं जमलं. प्रणित रविनाहून चार वर्षांनी धाकटा, भिवंडीकडच्या गोदामात कामाला. बघायला बाबा, प्रणित आणि दोन काका गेले. मुलगी वाकून चहा घेऊन आली, वाकून पाया पडली, पाटावर बसली, आणि वाकूनच आत गेली. चार पुरुषांपैकी एकानेही तिला सरळ उभी पाहिली नाही आणि चौघांनाही ती पसंत पडली. पुढे दोन महिने प्रणित तिच्याशी व्हिडिओवर बोलला, म्हणजे त्याने तिचा चेहरा पाहिला. बायोडेट्यात उंची होती पाच फूट सहा. प्रणित स्वतः पाच चार. पण त्याच्या बायोडेट्यात पाच आठ होतं, त्यामुळे कागदावर जोडा शोभत होता. त्याने जाड तळाचे बूट घेतले आणि विषय मिटवला. घरात मात्र त्या पाच-सहाने वारं घुसलं. "उंच सून येते," बाबा फाट्यावर सांगू लागले, जसं काही उंची त्यांनी स्वतः खतपाणी घालून वाढवली होती. आणि एका सकाळी, रविना दुकानात असताना, विटा लावायला बसलेल्या मिस्त्रीला त्यांनी थांबवलं. आता सैपाक सून करनार. तिच्या मापाचा बांध.

मिस्त्री म्हणाला, "तिला आना मग. उभी करा."

आता ही पंचाईत. आपल्याकडे लग्नाआधी मुलगी सासरचा उंबरा ओलांडत नाही. साखरपुडा झाला तरी नाही, गावातून दुसरीकडे जायचं असेल तरी घरावरून जात नाही. ओट्याचं माप द्यायला तर नाहीच नाही. मिस्त्री म्हणाला, अंगाशिवाय मी माप घेत नाय. बाबा म्हणाले, कागद हाय ना. मिस्त्री म्हणाला, कागदाला कोपर कुठाय? यावर बाबांनी डोकं चालवलं. पाच फूट सहा म्हणजे बरोब्बर आपली उंची. आणि देवराम, वय वर्षं अठ्ठावन्न, हाफपँट आणि बनियनवर, आपल्या होणाऱ्या सुनेच्या जागी भिंतीला लागून उभा राहिला. मिस्त्री म्हणाला, हात असा धरा, भाकरी थापता तसा. बाबा म्हणाले, मला काय ठावं कसा धरतात. मिस्त्रीने धरून दाखवला. मिस्त्रीला येत होतं. आठ बोटं खाली नवी रेघ ओढली गेली, पहिलीच्या सहा इंच वर, आणि पहिलीवर त्याने ओला हात फिरवला. गेरू लगेच जातो.

हे सगळं संध्याकाळी आयेनेच रविनाला सांगितलं, हसत हसत, पदर तोंडात धरून. "तुजा बाबा असा उभा गो, नवरीसारका." विटा तोवर सहा इंच वर गेल्या होत्या. रविना म्हणाली, "आनि तू?" आये म्हणाली, "मी काय. मी बसून करीन."

त्यानंतर रविनाला हे वाक्य अनेकदा, अनेक ठिकाणी ऐकू आलं. झेरॉक्सच्या मशिनमध्ये कागद अडकून आवाज व्हायचा त्यात. एसटीच्या गिअरमध्ये. मी बसून करीन. त्यात तक्रार असती तर तिला चाललं असतं. रडून म्हटलं असतं तर तिने मिस्त्रीला त्याच संध्याकाळी बोलावून विटा उतरवल्या असत्या. पण आये ते असं म्हणाली होती, जसं कुणी गाडीत उठून दुसऱ्याला जागा देतं आणि मग उभ्याने प्रवास किती बरा याबद्दल बोलतं. इथे फक्त उलटं होतं. उभं राहायची जागा देऊन ती खाली बसली होती. वीस वर्षं वाट बघितलेली जागा, तीही अजून घरात न आलेल्या पोरीला, जिचे पायसुद्धा तिने पाहिले नव्हते.

त्या संध्याकाळी रविनाने बायोडेटा बघायला मागितला. तोवर तिने तो पाहिलाच नव्हता. भावाच्या लग्नाच्या गोष्टीत एकोणतीस वर्षांच्या बिनलग्नाच्या बहिणीला फार पुढे बोलवत नाहीत, पाहुण्यांच्या मनात प्रश्न येतात. आयेने देव्हाऱ्यामागून कागद काढून दिला. सोनेरी किनार, वर गणपती, खाली उजव्या कोपऱ्यात पोपट. पोपटाला अर्धी शेपटी. रविना त्या पोपटाकडे बघत राहिली. अख्ख्या तालुक्यात अर्ध्या शेपटीचा पोपट एकच होता, आणि तो तिच्या कॉम्प्युटरमध्ये राहायचा. चौकट बनवताना चित्र कापलं गेलं होतं आणि तिने ते कधी दुरुस्त केलं नाही. मग तिला सगळंच आठवलं. मागच्या वर्षीचा मंगळवार. सरळगावकडचा एक मामा, पांढरी टोपी, कचेरीत दुसऱ्याच कामाला आलेला, आलोच आहे तर भाचीचा कागदपण करून टाकू म्हणाला. नाव, शिक्षण, रास, नाडी. "उंची?" "टाका चांगलीशी. पोर चांगली हाय." उंची अशी टाकायची रीतच होती. चार अकराचे पाच एक व्हायचे, पाच एकचे पाच तीन, दोन इंच दुकानातर्फे. पण त्या मंगळवारी सकाळी बाबांच्या फोनवर निरोप आला होता: मुलगी सगळी पसंत आहे, फक्त उंचीला जरा. रविनासाठी आलेला तो असा अकरावा निरोप. तालुक्यातला एकमेव खरा बायोडेटा तिचा स्वतःचा होता, चार फूट अकरा, आणि तो तिने इतका सुबक टाइप केला होता की नकार द्यायला लोकांना वेळ लागत नसे. म्हणून त्या अनोळखी पोरीसाठी तिने पाच टाइप केलं, क्षणभर थांबली, आणि सहा टाइप केलं. घे गो बाई. तुला तरी कुणी नाय म्हनायचं नाय. त्या दिवशी तिला दिवसभर बरं वाटलं होतं. आपण कुणावर तरी सूड उगवलाय आणि त्यात एका पोरीचं भलंही झालंय, असं दोन्ही एकदम क्वचित जमतं. ते सहा इंच वर्षभर मुरबाड तालुक्यात फिरून आता तिच्या घरी विटा होऊन आले होते.

"ही उंची मी टाकलेली हाय," ती बाबांना म्हणाली. "मनाने. ती पोर केवढी हाय कुनाला ठावं नाय. फोन करून विचारा."

"सोयऱ्यांना फोन लावून विचारू, तुमची पोर उंच हाय का बुटकी? लग्न मोडाचंय का गो?"

"मग तीसवरच ठेवा. आयेचं माप खरं हाय."

"छापलेलं हाय ते, पाच सहा."

"मीच छापलंय बाबा!"

बाबांनी कागद हातात घेतला, लांब धरून बघितला, आणि त्यांचा चेहरा निवळला. "तू छापलंस ना? मग बरोबरच असंल."

नऊ वर्षांत बापाने तिच्या कामाचं केलेलं ते पहिलं कौतुक. दुसऱ्या दिवशी कडप्पा बसला. मिस्त्री जाताना सिंकखाली आपला हातोडा विसरून गेला, तो न्यायला मुरबाडवरून येतो येतो म्हणत आलाच नाही. आणि रविना लग्नापर्यंत मनात नवस करत राहिली की पोर खरंच उंच निघू दे. मी फेकलेला आकडा खरा निघू दे. एखादीचा तरी खांदा वाचू दे. माणसं देवाकडे मुलगा मागतात, नोकरी मागतात. रविनाने सहा इंच मागितले.

आता वैष्णवी घरात होती आणि ते सहा इंचही घरात होते, फक्त वेगवेगळे. पुढचे दहा दिवस रविनाचा राग कचेरीतल्या अर्जासारखा फिरला. या टेबलावरून त्या टेबलावर, प्रत्येक टेबलावर शिक्का, कुठेच निकाल नाही. वैष्णवीवर आला, तर ती बिचारी पाटावर उभी राहून भाकरी करायला बघत होती, पाट सरकत होता, आणि ती हसून म्हणत होती, होईल सवय. मामावर आला, तर त्याने फक्त चांगलीशी म्हटलं होतं, आकडा सांगितला नव्हता. मिस्त्रीवर आला, तर तो एकटाच असा माणूस होता ज्याने विचारलं होतं की सैपाक कोन करतं. स्वतःवर आला, आणि तिथे बराच मुक्काम केला. आयेवर तर सगळ्यात जास्त आला, आणि त्याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी आला. तिने स्वतः ओट्यावर उकड मळून बघितली. तांदळाची उकड गरम असते, तिला अंगाचा भार लागतो. हात वरून खाली दाबला पाहिजे. इथे कोपरं पंखांसारखी वर यायची आणि भार खांद्यात अडकून बसायचा. दोन भाकऱ्यांत मान धरली. तिने परात उचलून खाली, आयेपुढे ठेवली. खिडकीतून चिंच दिसत होती. चिंचेखाली वारा होता. खाली बसल्यावर त्याच खिडकीतून आभाळाचा एक चौकोन दिसायचा, रिकामा, नवीन कोऱ्या अर्जासारखा.

अकराव्या दिवशी सकाळी ती डबा भरायला आत आली, तर बाबा ओट्यापाशी उभे. उजवं कोपर कडप्प्यावर टेकलेलं, दुसऱ्या हातात चहाचा कप, एक पाय दुसऱ्यावर टाकलेला. कोपर, ओटा, कप, सगळं जिथल्या तिथे. जगात या ओट्याएवढं नेमकं बसलेलं माप रविनाने पाहिलं नव्हतं. बसणारच. घेतलंच त्यांचं होतं. खाली त्यांच्या पायांशी आये आणि वैष्णवी समोरासमोर बसून उकड मळत होत्या. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

"झकास झालाय गो," ते म्हणाले. "टेकाला बरा."

"भाकरी थापा," रविना म्हणाली.

"आं?"

"तुमच्या मापाचा हाय ना. थापा मग. आये, परात दे त्यांच्याकडे."

"येडी झालीस काय?" बाबा हसले. त्यांना तो विनोद वाटला, आणि खरं म्हणजे होताच. बाहेर ओटीवर प्रणित आपले जाड बूट घालत ओरडला, "ताई, टाइम बघ! गाडी जाईल तुजी!"

"जाऊ दे. बाबा, हात असा धराचा. मिस्त्रीने दाखवलाय ना तुमाला? त्याला येतं, तुमाला का नाय येत?"

"रविने, तोंड सांभाळ. नवी सून बसलीय हितं."

"तेच तर म्हनते. बसलीय."

वैष्णवीने मान खाली घातली. तिला आता सगळ्यांचे फक्त पाय दिसत असणार. आणि मग खालून, पिठाच्या हाताने केस मागे सारत, अगदी नेहमीच्या आवाजात आये म्हणाली, "जाऊ दे गो रविना. कशाला सकाळी सकाळी. मी करते ना. मी बसून करीन."

सिंकखालचा हातोडा हातात कधी आला ते रविनाला आठवत नाही. कोपराला आठवत असेल. कोपर मागे गेलं, वर गेलं, खांद्याच्याही वर, आणि इतक्या दिवसांत त्या ओट्यावर पहिल्यांदा कुणाचा तरी पूर्ण भार वरून खाली आला. उजव्या कोपऱ्यावर. कडप्पा लाकडासारखा वाजला. हाताएवढा तुकडा सुटला, तिथून एक चीर शेगडीपर्यंत धावली आणि शेगडीपाशी थांबली, जशी काही तिला परवानगी तेवढीच होती. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. बाबांच्या कपातला चहा बनियनवर सांडला. सुटलेला तुकडा खाली परातीत, उकडीत रुतून बसला होता.

रविनाला वाटलं, आता. आता बोलावंच लागेल, मोडावंच लागेल, परत बांधावंच लागेल. कुणीतरी ओरडावं म्हणून ती थांबली. बाबा बनियन झटकत बाहेर गेले. बाहेरून त्यांचा आवाज आला, "काय नाय, काय नाय, भांडं पडलं," प्रणितला की शेजाऱ्यांना कोण जाणे. आयेने उकडीतून तो काळा तुकडा दोन बोटांनी काढला, त्याला लागलेलं पीठ निगुतीने पुसून परत परातीत घेतलं, आणि तुकडा बाजूला ठेवला. मग गुडघ्यावर हात देऊन उठली. "वैष्णवी, धर गो," ती म्हणाली, आणि दोघींनी कोपऱ्यातला पिठाचा डबा उचलून, टाचा उचलून, ओट्याच्या फुटक्या कोपऱ्यावर ठेवला. आयेने तो थोडा डावीकडे सरकवला. चीर झाकली गेली. डबा सरकवताना तिचे दोन्ही हात ओट्यावर होते, टाचा वर होत्या, आणि तोंड खिडकीकडे. ती थांबली. एक श्वास. दोन.

"चिंचेखाली कोनाची गाय हाय बग," ती म्हणाली. आणि खाली बसली.

रविना पुढच्या गाडीने गेली. दुकानात दोन दाखले आणि एक उत्पन्नाचा अर्ज वाट बघत होते, ते तिने करून दिले. मग नवीन पान उघडलं. काउंटरवर कुणी नव्हतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने स्वतःचं नाव अर्जदारापुढे टाइप केलं, आणि कोपर टेबलावर टेकवून, एकही खाडाखोड न करता, एका दमात पुढचं.

प्रति,
मा. संबंधित साहेब
(जे कुणी असतील ते)

अर्जदार : कु. रविना देवराम, वय २९, उंची ४ फूट ११ इंच (खरी).

विषय : विधान वगळून मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करते की, अर्जदाराच्या राहत्या घरी सहा इंच जास्तीचा ओटा अस्तित्वात असून सदर सहा इंच अर्जदाराने स्वहस्ते, रागाच्या भरात, परंतु सद्हेतूने दिलेले आहेत. सदर ओटा घरातील एकाच इसमाच्या मापाचा असून सदर इसमास स्वयंपाक येत नाही. ओटा फुटल्याबाबत कोणतीही घटना घडलेली नाही. दुरुस्तीसाठी निधी शिल्लक नाही व अर्जदाराची त्याबाबत मागणीही नाही. मागणी एवढीच की, अर्जदाराच्या आईने वेळोवेळी केलेले "मी बसून करीन" हे विधान सर्व अभिलेखांतून वगळण्यात यावे, ते कोणाच्याही सांगण्यावरून अथवा स्वखुशीने केलेले असले तरी पूर्वलक्षी प्रभावाने रद्द समजण्यात यावे, आणि सदर विधान प्रथम केल्याच्या दिवसापासून आजपर्यंतचा संपूर्ण काळ अर्जदाराची आई सदर खिडकीसमोर उभी होती असे धरून चालण्यात यावे, ही नम्र विनंती.